स्वयंपाकघराच्या स्वतंत्र लाइनचे काम: इंदिरानगरमधील अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या वीस वर्षे जुन्या सदनिकेत स्वयंपाकघराचे वायरिंग नव्याने करून देणाऱ्या पंचवटीतील इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी हे लिहीत आहे.

आमच्या ओट्यावरचे सर्व प्लग लूप करून एकाच लाइनवर घेतलेले होते. सकाळी डब्यांच्या घाईत इंडक्शन, किटली आणि मायक्रोवेव्ह सुरू असताना मिक्सर लावला की थोड्या वेळात एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत असे. पूर्वीच्या एका कारागिराने १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२चा बसवला; पडणे थांबले आणि आम्ही निर्धास्त झालो. या इलेक्ट्रिशियननी डीबी (एमसीबी बसवलेली पेटी) उघडताच नेमके त्यावरच बोट ठेवले. उपकरणांवरचे वॅट वाचून त्यांनी कागदावर बेरीज मांडली: २०००, १५००, १२०० आणि ७५० मिळून ५४५० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २४ अँपिअर. भिंतीतली तार मात्र दीड स्क्वेअर एमएमची. एवढ्या भाराला ३२चा एमसीबी पडणारच नाही आणि तार आतल्या आत तापत राहील, असे सांगून त्यांनी मेन बंद केला व बोर्ड उघडून दाखवला. तारेचे लाल आवरण टोकाशी तपकिरी आणि कडक झाले होते. नखाने दाबताच त्याचा तुकडा गळून पडला. ते पाहून पोटात गोळाच आला.

त्यांनी इंडक्शनसाठी डीबीपासून ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन ओढली, मायक्रोवेव्ह आणि किटली अडीचच्या दोन वेगवेगळ्या लाइनींवर १६च्या एमसीबीसह घेतली, फ्रिज वेगळा ठेवला आणि या सर्वांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की वीज तोडणारा स्विच) बसवला. दुसऱ्याच दिवशी पॅसेजमधला दिवा लावला की तो आरसीसीबी पडू लागला. फोन करताच ते संध्याकाळी आले, आणि त्या दिव्याची न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) कोणीतरी पूर्वी स्वयंपाकघरातून उचलली असल्याचे अर्ध्या तासात शोधून त्यांनी ती वेगळी केली; त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. चूक मुळात त्यांची नव्हती, तरी तारा ओढतानाच ती तपासायला हवी होती, असे मला वाटते.

सांगितलेल्या दोन दिवसांऐवजी काम चार दिवस चालले. कोणता एमसीबी कशाचा, हेही डीबीवर लिहून दिले नव्हते. त्या चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवल्या.