घरी केलेले रिन्स एड: लिंबूसत्त्व आणि व्हिनेगर कितपत पुरे पडतात?

डिशवॉशरला मीठ, पावडर आणि रिन्स एड अशा तीन वस्तू सतत लागतात, आणि त्यांपैकी रिन्स एडचा खर्च अनेकांना खटकतो; शेवटच्या पाण्यात चार थेंब पडणाऱ्या या निळसर द्रवाने असे काय होते, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यामुळे पांढरे व्हिनेगर, लिंबूसत्त्वाचे म्हणजे सायट्रिक ॲसिडचे द्रावण, किंवा या द्रावणात थोडे स्पिरिट, असे तीन घरगुती पर्याय सुचवले जातात. पुण्याच्या उपनगरातील आमच्या सोसायटीत वर्षाचा बराच काळ महापालिकेचे पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकर व बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते, म्हणून हे तिन्ही पर्याय दोन्ही प्रकारच्या पाण्यात वापरून पाहता आले. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

प्रथम रिन्स एड काय करते ते पाहू, कारण पर्यायांची पारख त्यावरच करावी लागते. धुण्याच्या शेवटी यंत्र गरम पाण्याने भांडी विसळते आणि त्या वेळी दारातील कप्प्यातून साधारण ३ ते ५ मिलि रिन्स एड पाण्यात सोडले जाते. त्यातील मुख्य घटक म्हणजे फेस न करणारे पृष्ठसक्रिय द्रव्य. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी थेंब धरून न बसता पातळ पापुद्र्यासारखे पसरून निथळते, आणि भांडे स्वतःच्या उष्णतेने कोरडे होते. थेंब जागीच सुकला, तर त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. काचेच्या पेल्यावरचा पांढरा ठिपका तो हाच. बाजारी रिन्स एडमध्ये बहुधा सायट्रिक ॲसिडही असते, पण त्याचे काम दुय्यम आहे. घरगुती पर्यायांत नेमके हे दुय्यम कामच उचललेले असते आणि मुख्य काम वगळलेले असते.

व्हिनेगरबद्दल थोडक्यात सांगता येईल. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या व्हिनेगरमध्ये सुमारे ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असते. कप्प्यातून ४ मिलि व्हिनेगर सुटले, तर सुमारे ३ लिटर पाण्यात ०.१६ ग्रॅम आम्ल जाते. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या चुन्यासारख्या क्षारांचे प्रमाण, लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल, तर त्याच ३ लिटर पाण्यात १.२ ग्रॅम चुन्याइतके क्षार असतात, म्हणजे सामना सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. महापालिकेच्या पाण्यावर पेले बरे निघाले, टँकरच्या पाण्यावर ठिपके तसेच राहिले. यंत्र गरम असताना उघडले, की आंबट वाफ नाकात जाते, पण भांडी गार झाल्यावर वास उरत नाही. वास सोसता येईल. खरा आक्षेप वेगळा आहे. कप्प्यात भरलेले आम्ल तेथील रबरी सीलच्या सतत संपर्कात राहते, आणि व्हिनेगरने रबर खराब होऊ शकते असा इशारा अनेक उत्पादक देतात. वरच्या रॅकमध्ये वाटीभर व्हिनेगर ठेवण्याचा सल्ला तर निरर्थक आहे, कारण ते पहिल्या पाण्यातच वाहून जाते आणि शेवटच्या विसळणीपर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही.

लिंबूसत्त्वाचे द्रावण मात्र गांभीर्याने घेण्यासारखे आहे. ढोकळ्यासाठी किंवा सरबतासाठी किराणा दुकानात मिळणारी ही पांढरी भुकटी १०० मिलि आरओच्या पाण्यात सुमारे १० ग्रॅम विरघळवली, की द्रावण तयार होते. त्याला वास नाही आणि त्यातून व्हिनेगरच्या दुपटीहून अधिक आम्ल पाण्यात जाते. स्टीलच्या वाट्या-पेल्यांवरचा पांढुरका थर याने स्पष्टपणे कमी झाला, आणि टँकरच्या पाण्यावरही व्हिनेगरपेक्षा फरक दिसला. तरीही वाट्यांच्या बुडाच्या खळग्यात पाणी साचलेलेच राहिले आणि डब्यांची प्लास्टिकची झाकणे ओलीच निघाली. प्लास्टिक उष्णता धरून ठेवत नसल्यामुळे ते सर्वांत शेवटी सुकते, म्हणून रिन्स एडची परीक्षा काचेच्या पेल्यावर न घेता अशा झाकणांवर घ्यावी असे माझे मत आहे. त्या परीक्षेत घरगुती द्रावण उघडपणे नापास होते. शिवाय पातळ द्रावण काही आठवडे तसेच राहिले तर त्यात बुरशी धरू शकते, त्यामुळे ते थोडे-थोडेच करावे लागते.

बुरशी टाळण्यासाठी आणि पृष्ठताण कमी करण्यासाठी त्यात स्पिरिट घालावे असे सांगतात. पाश्चात्त्य कृतींत तर सरळ व्होडका असते, आणि ती भांडी विसळण्यासाठी आणली आहे हे घरातील वडीलधाऱ्यांना पटवणे हा स्वतंत्र प्रकल्प होईल. बुरशीचा हेतू साधतो, दुसरा साधत नाही. ३ लिटर पाण्यात दोन-तीन मिलि अल्कोहोल गेल्याने पृष्ठताणात जाणवेल असा फरक पडत नाही, आणि भांडी सुकण्यात मलाही काही फरक दिसला नाही. ज्वलनशील द्रव गरम यंत्रात भरून ठेवण्याइतका हा लाभ मोठा नाही.

पृष्ठसक्रिय द्रव्यच हवे तर भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब का घालू नयेत, असे कोणाच्याही मनात येईल. ते कटाक्षाने टाळावे, कारण त्याला भरपूर फेस येतो, फेसामुळे पंप पाणी नीट ओढू शकत नाही आणि फेस दारातून बाहेरही येऊ शकतो. तसेच व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व ब्लीचच्या संपर्कात कधीही येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो.

बचतीचा हिशेबही तपासून पाहावा. ५०० मिलिची बाटली ३०० रुपयांची धरली आणि प्रत्येक वेळी ४ मिलि खर्च झाले, तर १२५ धुण्यांना ती पुरते, म्हणजे एका धुण्याला २ रुपये ४० पैसे पडतात. लिंबूसत्त्वाने यातील बराचसा भाग वाचतो हे खरे, परंतु ओली झाकणे फडक्याने पुसत बसण्याच्या बदल्यात.

माझा निष्कर्ष असा, की धरणाचे मऊ पाणी असलेल्या घरात हे द्रावण चालून जाते, पण तेथे त्याची फारशी गरजच नसते. बोअरच्या पाण्यावर गरज खरी असते, पण तेथे ते पुरे पडत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो, त्यामुळे ‘पिण्यायोग्य’ पाणीही भांड्यांवर डाग पाडू शकते. अशा पाण्यावर उपाय यंत्रातील सॉफ्टनरच, म्हणजे मिठाच्या मदतीने पाणी मऊ करणारा भाग, करतो, म्हणून मिठाची टाकी रिकामी राहू न देणे आणि सॉफ्टनरची पातळी पाण्यानुसार लावणे यांचा उपयोग कोणत्याही घरगुती द्रावणापेक्षा जास्त होतो. लिंबूसत्त्व मी आता रिकाम्या यंत्रातील चुन्याचा थर काढण्यासाठी अधूनमधून वापरते, आणि कप्प्यात बाजारी रिन्स एड भरते.

नवे काही करण्याआधी पेल्यावरचा डाग कसला आहे हेही पाहावे. व्हिनेगरने चोळल्यावर तो गेला तर तो क्षारांचा आहे. गेला नाही तर काच झिजलेली आहे, आणि ती कोणत्याही रिन्स एडने पूर्ववत होत नाही. पेल्यावर निळसर रेषा किंवा चिकट पापुद्रा दिसला तर रिन्स एडची मात्रा जास्त होत आहे, थेंबांचे ठिपके दिसले तर ती कमी पडत आहे. मात्रेची सोय बहुतेक यंत्रांत कप्प्याजवळच्या छोट्या चकतीवर किंवा सेटिंगमध्ये असते.