एक गणिती पॅकेज, तीन डेस्कटॉप: कुठल्या सिस्टिमची जबाबदारी घ्यावी?

समजा, पॅकेज सीमध्ये आहे, मोठ्या पूर्णांकांसाठी आत जीएमपी ही लायब्ररी, मॅट्रिक्ससाठी थोडं फोरट्रान आणि वर पायथनचा थर. लिनक्सवर चालतं. आता मॅकओएस आणि विंडोजवरही चालेल असं जाहीर करायचं का? एकदा बिल्ड करून दाखवणं तिन्हीकडे जमतं. दर रिलीजला ते पुन्हा जमवणं हे खरं काम, आणि त्याची डोकेदुखी प्रत्येक ठिकाणी वेगळी: लिनक्सवर वाटपाची, मॅकवर ॲपलच्या नियमांची, विंडोजवर थेट कोडमधली.

| | लिनक्स | मॅकओएस | विंडोज |
|---|---|---|---|
| ‘लाँग’, सीचा पूर्णांक प्रकार (६४ बिट सिस्टिम) | ६४ बिट | ६४ बिट | ३२ बिट |
| ‘लाँग डबल’ (सीचा दशांश प्रकार), इंटेल | ८० बिट | ८० बिट | मिंगडब्ल्यूत (विंडोजसाठीचा जीसीसी कम्पायलर) ८०, एमएसव्हीसीत (मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर) ६४ |
| ‘लाँग डबल’, आर्म | १२८ बिट | ६४ बिट | ६४ बिट |
| फोरट्रान कम्पायलर | डिस्ट्रोतच (लिनक्सच्या वितरणातच) मिळतो | वेगळा बसवावा लागतो | एमएसवायएस२ या बिल्ड साधनांच्या संचामधून |
| व्हील (पायथनचं तयार पॅकेज) दुरुस्तीचं साधन | ऑडिटव्हील | डीलोकेट | डेल्व्हव्हील |

पहिली ओळ सगळ्यात महागात पडते. जीएमपीची बरीच फंक्शन्स ‘लाँग’ घेतात. लिनक्सवर २ चा ४० वा घात त्यांना दिला तर तो तसाच पोचतो. विंडोजवर वरचे बिट कापले जातात आणि शून्य उरतं. क्रॅश नाही, एरर नाही, फक्त चुकीचं उत्तर. गणिती सॉफ्टवेअरसाठी याहून वाईट काही नाही. उपाय म्हणजे नेमक्या ६४ बिटांचा स्वतःचा प्रकार ठरवून सगळीकडे तोच वापरणं. फ्लिंट लायब्ररीत ‘एसलाँग’ आणि ‘यूलाँग’ याचसाठी आहेत. छपाईचे फॉरमॅटही त्याबरोबर बदलावे लागतात. जुन्या कोडमध्ये हे काम महिनोन्‌महिने पुरतं, आणि २ च्या ३१ व्या व ३२ व्या घाताच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांवर टेस्ट नसतील तर ते पुरं झालं की नाही हे कळतही नाही.

म्हणून विंडोजबाबत ‘करायचं का’ याआधी ‘कुठल्या वाटेनं’ हे ठरवा. सर्वांत स्वस्त वाट डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय: लिनक्सचीच बायनरी (कम्पाइल झालेली फाइल) चालते, कोडला हात लावावा लागत नाही. सेजमॅथ या गणिती प्रणालीनं हीच धरली आहे. अडचण वापरणाऱ्याची: व्हर्च्युअलायझेशन बंद असलेल्या प्रयोगशाळेतल्या मशीनवर डब्ल्यूएसएल २ चालतच नाही आणि तिच्यात विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फायली संथ वाचल्या जातात. सिगविन या विंडोजवरच्या युनिक्ससारख्या थरात ‘लाँग’ ६४ बिटच असतो, त्यामुळे वरचा प्रश्न मिटतो, पण फोर्कची (चालू प्रोसेसची प्रत काढण्याची) नक्कल फार हळू चालते. गॅप या बीजगणिताच्या प्रणालीचा विंडोज इन्स्टॉलर सिगविनवर उभा आहे. मिंगडब्ल्यूवर खरी विंडोज बायनरी मिळते, जीएमपी आणि फोरट्रान दोन्ही बिल्ड होतात, शिवाय लिनक्सवरूनच क्रॉस-कम्पाइल करता येतं. ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर तसंच करतं. एमएसव्हीसी मात्र जीएमपी असलेल्या पॅकेजनं टाळावं. जीएमपी त्यावर सरळ बिल्ड होत नाही, त्यासाठी निघालेल्या एमपीआयआरचं काम थांबलं आहे आणि सी९९ चे (सीच्या १९९९ च्या मानकातले) कॉम्प्लेक्स आकडेही त्यात तसेच्या तसे चालत नाहीत.

मॅकओएसवर कोड बहुधा जसाच्या तसा चालतो. अडतं ते आजूबाजूचं. ॲपलच्या क्लँग कम्पायलरबरोबर ओपनएमपीची (समांतर आकडेमोडीची) लायब्ररी येत नाही. लायब्ररीचा मार्ग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिला तर सिस्टिमचं शेल सुरू होताना तो पुसला जातो, आणि शेल स्क्रिप्टमधून चालणाऱ्या टेस्टना लायब्ररी सापडत नाही. त्यामुळे मार्ग बायनरीतच आरपाथनं (लायब्ररी कुठे शोधायची याच्या नोंदीनं) लिहावा. तो बिल्डनंतर बदलला तर बायनरीची डिजिटल सही मोडते आणि आर्म मॅक ती बायनरी चालू देत नाही; पुन्हा सही करावी. वेबवरून उतरवून थेट उघडता येईल असं पॅकेज द्यायचं तर नोटरायझेशन (ॲपलकडून तपासणी) हवं आणि त्यासाठी ॲपलची वर्षाला ९९ डॉलरची डेव्हलपर वर्गणी. होमब्रू किंवा कोंडा या पॅकेज मॅनेजरमधून दिलं तर हा खर्च टळतो. जुन्या मॅकवर चालायला हवं असेल तर किमान आवृत्ती बिल्डच्या वेळीच सांगावी लागते. फोरट्रानची कॉम्प्लेक्स आकडे परत करणारी फंक्शन्स ॲक्सेलरेट या ॲपलच्या गणिती लायब्ररीच्या जुन्या इंटरफेसशी जुळत नाहीत; त्याऐवजी ओपनब्लास ही मॅट्रिक्सची लायब्ररी जोडणं सोपं.

आर्म मॅकवर काही टेस्ट शेवटच्या अंकात चुकतात, तो बग समजू नका. तिथे गुणाकार-बेरीज एकाच राउंडिंगमध्ये होऊ शकते, साध्या इंटेल बिल्डमध्ये राउंडिंग दोनदा होतं. दशांश आउटपुट अक्षर-अक्षर ताडून पाहणाऱ्या टेस्टना सापेक्ष सहनमर्यादा द्या. पूर्णांकांच्या टेस्टना मात्र कधीच नाही.

लिनक्स सोपं वाटतं ते सोर्समधून बिल्ड करणाऱ्याला. नव्या ग्लिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बनवलेली बायनरी जुन्या डिस्ट्रोवर सुरू होत नाही, म्हणून जुन्या ग्लिबसीच्या कंटेनरमध्ये बिल्ड करावी. मेनीलिनक्स२०१४ या व्हीलसाठीच्या ठरलेल्या बिल्ड कंटेनरमध्ये ग्लिबसी २.१७ आहे. अल्पाइन या ग्लिबसी न वापरणाऱ्या डिस्ट्रोसाठी वेगळी बायनरी लागते. बिल्ड मशीनच्या प्रोसेसरसाठी खास कम्पाइल केलेली बायनरी वाटू नका, जुन्या प्रोसेसरवर ती ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरते. जीएमपी ‘फॅट’ पर्यायानं बांधा, म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेसरांचा कोड एकाच बायनरीत राहतो.

एकटा मेंटेनर असेल तर लिनक्स आणि मॅकओएस पूर्ण, विंडोजसाठी फक्त डब्ल्यूएसएल. वापरणारे विद्यार्थी असतील आणि त्यांना डबल-क्लिकचा इन्स्टॉलर हवा असेल तर मिंगडब्ल्यू, पण ‘लाँग’ची सफाई झाल्यावरच. पायथनचा थर पिप या पायथनच्या इन्स्टॉलरनं द्यायचा असेल तर तिन्हींची व्हील हवीतच. तिथे विंडोजवर पायथन ३.८ पासून डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी फायली) शोधताना ‘पाथ’ व्हेरिएबल पाहिला जात नाही, म्हणून सगळ्या डीएलएल व्हीलमध्येच भरा. जी वाट प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट होत नाही, तिला इन्स्टॉलेशनच्या पानावर ‘प्रायोगिक’ असंच लिहा.