नुबियाला जायचंय, तर बोट कोणती घ्यावी?

ग्रुप टूरची दोन माहितीपत्रकं समोर ठेवून घरात चर्चा चालू असेल, तर गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींत कैरो ते आस्वान रात्रीची रेल्वे, दोन्हींत अबू सिम्बेलचं मंदिर, आणि दोन्हींवर ‘नुबियन’ हा शब्द ठळक अक्षरांत. फरक आहे तो बोटीचा. एक बोट आस्वानहून उत्तरेला लक्झरला जाते, दुसरी आस्वानच्या धरणापलीकडून दक्षिणेला, धरणाच्या पाण्याने झालेल्या नासर सरोवरातून अबू सिम्बेलला. मी दोन्ही केल्या आहेत, काही वर्षांच्या अंतराने आणि दोन्ही वेळा ग्रुपबरोबर.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. नुबिया म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानातला नाईलकाठचा प्रदेश, आणि तो आस्वानपासून दक्षिणेला सुरू होतो. म्हणजे लक्झरची बोट नुबियाच्या उंबरठ्यावरूनच माघारी फिरते.

रेल्वेचं दोन्हीकडे सारखंच. सुमारे 880 किलोमीटर, बारा-तेरा तास, वर उशीर धरून चाला. दोन बर्थची केबिन, आत बेसिन, टॉयलेट मात्र डब्याच्या टोकाला. ज्येष्ठांपैकी कुणाला ते जमणार नसेल तर विमान दीड तासात पोहोचवतं. पण जमत असेल तर रेल्वेच घ्या. सकाळी पडदा सरकवला की उसाचे फड, ऊस कारखान्याला नेणारे छोटे रूळ आणि फड संपतो तिथेच सुरू होणारं पिवळं वाळवंट. या देशात हिरवा पट्टा किती अरुंद आहे, हे विमानातून असं अंगावर येत नाही.

लक्झरची बोट म्हणजे सोय. एडफूचं जवळजवळ अखंड राहिलेलं मंदिर, कोम ओम्बोच्या मगरींच्या ममी, एस्नाच्या जलपाशात पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली होण्याची गंमत, संध्याकाळी डेकवर चहा, काठावर सतत माणसं आणि गुरं. मुलं कंटाळत नाहीत. मात्र गर्दी फार. धक्क्याला बोटी एकीला एक लावून उभ्या करतात. आमची चौथी होती, त्यामुळे काठावर जायला तीन परक्या बोटींच्या लॉबीतून चालत गेलो, आणि रात्री खिडकीबाहेर नाईल नव्हे, शेजारच्या बोटीतल्या केबिनचा पडदा. या टूरमध्ये अबू सिम्बेल बसने होतं: पहाटे चारला निघायचं, एका बाजूचे जवळजवळ 280 किलोमीटर, आणि तिथे जेमतेम दीड-दोन तास.

सरोवरावर मोजक्याच बोटी चालतात. भाडं जास्त, मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नाही, आणि दिवसदिवस काठावर एक घर दिसत नाही. पहिल्या दिवशी ही शांतता सुखावते, दुसऱ्या दिवशी तिचं कारण मनात घर करतं. 1960 ते 1970 या काळात आस्वानचं मोठं धरण झालं. 1963-64 मध्ये इजिप्तमधले सुमारे 50,000 नुबियन लोक इथून उठवून कोम ओम्बोजवळ नेले. सुदानातल्या वादी हल्फाकडचेही जवळपास तेवढेच विस्थापित झाले. नदीकाठचे खजूर सुटले, वाट्याला उसाची शेतं आली. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, हे आपण पाहतो. इथे मोठी देवळं उचलून वर नेली आणि गावं खाली राहिली. अबू सिम्बेल तुकडे करून सुमारे 65 मीटर उंच नेलं. अमादाच्या मंदिरातलं रंगकाम तुकडे करताना गेलं असतं, म्हणून ते अख्खं रुळांवर ठेवून अडीच किलोमीटर सरकवलं. ते रंग आजही टिकून आहेत. एवढ्यासाठीसुद्धा मी ही बोट पुन्हा घेईन.

शेवटी बोट वळते आणि रामसेस राजाचे चार पुतळे थेट पाण्यावरून दिसतात. सकाळी बस यायच्या आत आम्ही मंदिरात होतो.

पण सरोवरावर नुबियन माणसं भेटत नाहीत, आणि माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. ती भेटतात आस्वानला. घार्ब सोहेल हे रंगीत घरांचं गाव बहुतेक ग्रुप दाखवतात. तिथे टाकीतल्या मगरी आणि दुकानं जास्त. त्यापेक्षा एलिफंटाइन बेटावर निवांत चक्कर मारा. तिथल्या एका घरी आजींनी करकदे दिलं, म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. भिंतीवर नदी, खजूर आणि एक बैठं घर रंगवलेलं होतं. ते आजींचं आजोळ, गाइडने सांगितलं. आदल्या आठवड्यात आमची बोट त्याच्याच वरून गेली होती.

तर, इजिप्तची पहिलीच खेप असेल, लहान मुलं असतील, तर लक्झरची बोट घ्या, हळहळ वाटणार नाही. नुबियासाठीच जात असाल तर सरोवराची. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या, कारण तिथे छोट्या बोटीतून काठावर उतरून वाळूत चालावं लागतं. वादी हल्फावरून सुदानात शिरण्याचा विचार एप्रिल 2023 पासूनच्या युद्धामुळे सोडून द्या. दोन्हीपैकी काहीही निवडलंत तरी आस्वानला दोन मुक्काम मागा आणि 1997 मध्ये उघडलेल्या नुबियन संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवा. सरोवराच्या बोटी ठरावीक वारीच सुटतात, तेव्हा यातला निदान एक मुक्काम बोटीच्या आधी घ्या, म्हणजे रेल्वेला उशीर झाला तरी बोट चुकणार नाही.