लांबलचक फँटसी मालिका घ्यायची कशी : कागद, किंडल की बिनकुलपाची ईपब?

फँटसी मालिका एका सुट्टीत संपत नाही. दहा-चौदा खंड, त्यातला एकेक आठशे-हजार पानांचा. वाचन तीन-चार वर्षं सहज चालतं, आणि पुढचा खंड यायला उशीर झाला की मागचे दोन पुन्हा काढावे लागतात. म्हणून किमतीच्याही आधी एक गोष्ट बघावी : आज घेतलेला पहिला खंड शेवटचा वाचताना उघडेल का? बाकीच्या सोयी-गैरसोयी त्यानंतर.

किंडलवर

किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ईबुक वाचायच्या यंत्रावर किंवा अ‍ॅपवर, ‘खरेदी’चं बटण दाबलं की मिळतो तो वाचण्याचा परवाना. तो खात्याला बांधलेला असतो. विकता येत नाही, मुलांच्या नावावर करता येत नाही. घेतलेल्या पुस्तकाची फाइल २६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर टाकता येत असे. अ‍ॅमेझॉनने ती सोय बंद केली. आता फाइल वाय-फायवरून थेट यंत्रात किंवा अ‍ॅपमध्ये येते, आणि बहुतेक पुस्तकांची वेगळी प्रत कपाटात ठेवायचा सरळ मार्ग उरलेला नाही.

ही भीती पोकळ नाही. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीची एक आवृत्ती अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, पण एका शाळकरी मुलाची टिपणं निरर्थक झाली, कारण ती ज्या ओळींवर होती त्या ओळीच गेल्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ईबुकचं दुकान बंद केलं तेव्हा तर विकलेली सगळी पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत दिले. वाचनखुणा मात्र पैशात मिळत नाहीत.

तरीही ज्याला एकदा वाचून पुढे जायचं आहे त्याच्यासाठी किंडलइतकं सोपं दुसरं काही नाही. मध्यरात्री खंड संपला तर पुढचा मिनिटभरात हातात येतो. दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात : खात्याच्या सेटिंगमधून पुस्तकांचे आपोआप होणारे अपडेट बंद करावेत, आणि महत्त्वाची टिपणं अधूनमधून ईमेलने स्वतःला पाठवून ठेवावीत.

ईपब, पण कुठली?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. ईपब म्हणजे ईबुकच्या फाइलचा एक सर्रास चालणारा प्रकार. ईपब म्हटलं की ती आपली, असं लोक धरून चालतात. तिचे प्रकार दोन : कुलपाची, म्हणजे नक्कल रोखणारं डीआरएम असलेली, आणि मोकळी. कोबो या ईबुकच्या ऑनलाइन दुकानात पुस्तकाच्या पानावर खाली तपशिलात दोन्ही वेगळी लिहिलेली असतात, ‘अ‍ॅडोबी डीआरएम’ किंवा ‘डीआरएम-फ्री’. पैसे भरण्याआधी ती एक ओळ वाचावीच.

कुलपाची ईपब उतरवली की हाती येते ती एसीएसएम नावाची काही केबींची चिठ्ठी. त्यात पुस्तक नसतं. ती अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स या प्रोग्रॅममध्ये उघडली की मग पुस्तक उतरतं. अनेक जण हीच चिठ्ठी पेनड्राइव्हवर जपून ठेवतात आणि दोन वर्षांनी उघडायला जातात तेव्हा मुदत संपल्याचा संदेश येतो. फाइल केवळ चार-पाच केबीची दिसली तर ते पुस्तक नव्हे, हे लक्षात ठेवावं. दुसरी चूक : अ‍ॅडोबी आयडी न देता संगणक ‘ऑथराइज’ करणं. पुढे तो संगणक फॉरमॅट झाला की पुस्तकं कायमची अडकतात. आणि कुलूप तोडायच्या वाटेला जाऊ नये. हक्कभंगाच्या हेतूने तसं करणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे.

मोकळी ईपब हीच खरी घेण्यासारखी. फँटसी वाचणाऱ्यांचं भाग्य असं, की टॉर या मोठ्या प्रकाशनाने २०१२ मध्येच आपल्या ईबुकांची कुलपं काढली. भारतात मात्र एक मेख आहे. आपल्याकडे बहुधा ब्रिटिश प्रकाशकाचे हक्क चालतात, त्यामुळे अमेरिकेत टॉरने काढलेलीच मालिका इथे दुसऱ्याच प्रकाशनाकडून, कुलपासकट विकली जाऊ शकते. मालिका तीच असली तरी प्रकाशकाचं नाव तपासावं. अमेरिकेतल्या भावाकडून मालिकेची शिफारस आली असेल तर जास्तच.

फाइल आली की क्रम असा. कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम घ्या, ‘अ‍ॅड बुक्स’ने फाइल आत घाला, मालिकेचं नाव आणि खंडाचा क्रमांक भरा, शेवटचं प्रकरण उघडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल तिथेच उघडी पडते. मग कॅलिबरचं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी. कादंबरीची ईपब साधारण एक ते पाच एमबीची असते, म्हणजे अख्खी मालिका एका साध्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते. ती किंडलवर वाचायची तर ‘सेंड टू किंडल’ या अ‍ॅमेझॉनच्या सोयीने पाठवा. यूएसबीने नुसती टाकलेली ईपब किंडलला दिसत नाही. यूएसबीनेच टाकायची असेल तर आधी कॅलिबरमध्ये तिची एझेडडब्ल्यू३, म्हणजे किंडलच्या प्रकारातली फाइल, करून घ्यावी.

नकाशे आणि नावं

फँटसीत हे गौण नाही. सहा-सात इंची पडद्यावर दोन पानांवर पसरलेला नकाशा अर्धा कापला जातो किंवा इतका आकसतो की नद्यांची नावं मुंग्यांसारखी दिसतात. इथे मोकळ्या ईपबचा एक छुपा फायदा आहे. ईपब म्हणजे आतून झिप फाइलच. प्रत काढून तिच्या नावातलं शेवटचं ‘ईपब’ बदलून ‘झिप’ करा, उघडा, चित्रांच्या फोल्डरमध्ये नकाशा सुटा पडलेला असतो. रुंदी १२०० पिक्सेलच्या वर असेल तर ए-फोरवर बरा छापून निघतो आणि पुस्तकखुणेसारखा घडी घालून जवळ ठेवता येतो. त्याहून लहान असेल तर अक्षरं फुटतात.

नावांच्या बाबतीत ईबुक सरस. सहाव्या खंडात तिसऱ्यातला कुणी सरदार उगवला की शोधायला दोन सेकंद. मात्र चालू खंडात शोध घेताना सावध राहावं, तो पुढची पानंही चाळतो आणि एखाद्याचं मरण आधीच दाखवतो.

कागद

कागदाची मालकी निःसंदिग्ध. उसना द्या, विका, भाचीला द्या. वर छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ईबुकवर आहे. मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुने खंड निम्म्याहून कमी दरात मिळतात, पण घेण्याआधी पानांचे क्रमांक चाळावेत. बांधणीतून एखादा फर्मा सुटला की सलग सोळा पानं गायब असतात, आणि ती नेमकी लढाईतली निघतात. नकाशा धुरकट, कागद अतिहलका, तर प्रत चोरछपाईची समजावी.

नवा जाड पेपरबॅक एकदम मधोमध उघडू नये. कण्यावरचा डिंक तडकतो आणि वर्षभरात पानं सुटतात. पुस्तक कण्यावर उभं धरावं, पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, असं करत मध्यापर्यंत यावं. कोकणपट्टीत पावसाळ्यात कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढावं, कापडी पुरचुंडीत डांबरगोळ्या ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, आतल्या दमटपणाने बुरशी चढते.

मासिक वर्गणी

किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणी योजनेत एका वेळी वीस पुस्तकं ठेवता येतात. स्वतःची पुस्तकं स्वतःच प्रकाशित करणारे लेखक ९० दिवसांच्या मुदतीने पुस्तक योजनेत घालतात, त्यामुळे तिसरा खंड वाचेपर्यंत चौथा बाहेर गेलेला असू शकतो. मोठ्या प्रकाशनांची फँटसी तिथे थोडीच सापडते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी त्याआधी सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड आणि ग्रंथालयाची ईबुकं उसनी देणारं लिबी अ‍ॅप वापरावं. पैसे लागत नाहीत, फक्त रांग लांब असते.

मग काय घ्यावं?

लेखक अजून पारखलेला नसेल तर पहिला खंड ग्रंथालयातून, वर्गणीतून किंवा पदपथावरून. आवडला आणि मोकळी ईपब मिळत असेल तर सगळी मालिका तीच घ्यावी, थोडी महाग पडली तरी. ती मिळत नसेल आणि मालिका पुन्हा वाचण्याजोगी असेल तर कागद, आणि सगळे खंड एकाच आवृत्तीचे. कारण मुखपृष्ठं आणि आकार मध्येच बदलले की मागचे जुळणारे खंड मिळणं कठीण होतं. एकदाच वाचायची असेल तर किंडल पुरेसं आहे. सूट चालू आहे म्हणून चौदाही खंड एका रात्रीत विकत घेऊ नयेत. आधी एक उतरवावा, नकाशा आणि शेवटची परिशिष्टं उघडून बघावीत, मग पुढचे.