हात कुठे आखडायचा, कुठे सैल सोडायचा: पंखा, प्रिंटर, बूट आणि सेल यांचा हिशोब

एकाच कामाच्या दोन वस्तू समोर असतात आणि एकीची किंमत दुसरीच्या दुप्पट असते. काटकसर अंगवळणी पडलेला माणूस स्वस्त वस्तू उचलतो, आणि बऱ्याच वेळा ते बरोबरच असतं. पण काही वस्तू घरी आल्यावरही पैसे मागत राहतात. वीज लागते, शाई लागते, दुरुस्ती निघते, नाहीतर वर्षभरात तीच वस्तू पुन्हा घ्यावी लागते. अशा वस्तूंसाठी दुकानात मोजलेले पैसे हा खर्चाचा पहिला हप्ता समजावा.

ठरवण्याआधी चार आकडे कागदावर लिहा: किंमत, वर्षाचा चालवण्याचा खर्च, किती वर्षं टिकेल आणि वर्षातून किती तास किंवा किती वेळा वापरणार. चौथा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. नेमका तोच आपण मनातल्या मनात फुगवून धरतो. खालचे हिशोब युनिट, पानं आणि महिने यांत मांडले आहेत. त्यात तुमच्याकडचे दर घाला.

पंखा: साधी मोटर की बीएलडीसी

१२०० मिलिमीटर मापाचा छताचा साधा पंखा पूर्ण वेगावर ७० ते ८० वॅट वीज घेतो. बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक बोर्डाने चालणाऱ्या, ब्रश नसलेल्या) मोटरचा तेवढाच पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये भागवतो. फरक ४५ वॅट धरू. पंखा रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस चालला तर ३,६०० तास झाले. ४५ गुणिले ३,६०० म्हणजे १,६२,००० वॅट-तास, म्हणजेच १६२ युनिट. आता दोन पंख्यांच्या किमतीतल्या फरकाला तुमच्या युनिटच्या दराने भागा, आणि जो आकडा येईल त्याला १६२ ने भागा. तितक्या वर्षांत जादा पैसे वसूल होतात.

हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत रोज सरासरी एक तास फिरणार असेल तर वर्षाची बचत जेमतेम १६ युनिट होते. वसुलीला दहापट वेळ लागतो, आणि तोवर पंखाच बदलायची वेळ येऊ शकते. अशा खोलीत साधा पंखा घ्यावा. घरातले सगळे पंखे एकदम बदलण्याऐवजी जो सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदलावा.

हा हिशोब दोन ठिकाणी चुकतो. पहिलं, पंखा नेहमी मंद लावायची सवय असेल आणि रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर साधा पंखाही मंद वेगाला बरीच कमी वीज घेतो, त्यामुळे ४५ वॅटचा फरक उरत नाही. जुना, मोठ्या डबीचा, तापणारा रेग्युलेटर असेल तर मात्र वाचलेल्या विजेचा मोठा भाग तिथेच उष्णता होऊन जातो.

दुसरं, दुरुस्ती. साधा पंखा हळू फिरायला लागला की बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा भाग) उतरलेला असतो. मेन स्विच बंद करून त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच (बहुधा २.५) नवा बसवला की काम होतं. बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. विजेच्या दाबातल्या चढउतारांनी तो जातो, आणि एका कंपनीचा बोर्ड सहसा दुसऱ्या कंपनीच्या पंख्याला बसत नाही. म्हणून मोटरची वॉरंटी मोठ्या अक्षरात असली तरी बोर्डाची वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारा. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घ्या. तो मध्ये ठेवून वेग कमी-जास्त केला तर बोर्ड खराब होतो. नुसते वॅट बघूनही फसू नका. मिनिटाला किती घनमीटर हवा मिळते हा आकडा दोन्ही खोक्यांवर पाहा, कारण वॅट कमी आणि हवाही कमी असेल तर तुम्ही विकत घेतलेली बचत नंतर दुसरा पंखा लावून घालवाल.

प्रिंटर: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

| | कार्ट्रिजचा इंकजेट | इंक टँक (शाई ओतून भरायचा) | काळा-पांढरा लेझर |
|---|---|---|---|
| यंत्राची किंमत | सर्वांत कमी | बरीच जास्त | मध्यम ते जास्त |
| एका पानाचा खर्च | सर्वांत जास्त | सर्वांत कमी | कमी |
| महिनाभर बंद राहिला तर | नोझल (शाईची बारीक छिद्रं) सुकतात | नोझल सुकतात | बिघडत नाही |
| रंगीत छपाई | होते | होते | होत नाही |

पानाचा खर्च काढायला कार्ट्रिजची किंमत त्यातून निघणाऱ्या पानांनी भागायची. पानांचा आकडा खोक्यावर असतो. तो शाईसाठी आयएसओ २४७११ आणि लेझरच्या काळ्या टोनरसाठी आयएसओ १९७५२ या मानकांप्रमाणे मोजलेला असेल तर दोन कंपन्यांची तुलना करता येते. मात्र ही चाचणी ठरावीक नमुना पानांवर होते; टोनरच्या चाचणीत पानाचा साधारण ५ टक्केच भाग काळा होतो. मुलांच्या प्रकल्पाचं चित्रांनी भरलेलं पान त्याच्या कितीतरी पट शाई पितं. आणखी एक, यंत्रासोबत मिळणारं पहिलं कार्ट्रिज बहुधा अर्धवट भरलेलं असतं. तेव्हा पहिल्या महिन्याच्या अनुभवावरून पुढचा अंदाज बांधू नका.

इंकजेट न वापरताही शाई खातो हे फार कमी लोक धरतात. काही आठवडे बंद राहिला की नोझलमध्ये शाई सुकते, मग साफसफाईचा कार्यक्रम चालवावा लागतो. त्यात ओढली गेलेली शाई कागदावर येत नाही, यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. ते पॅड भरलं की बरेच प्रिंटर काम थांबवतात. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान छापत राहणं हा यावरचा सोपा उपाय.

महिन्याला चार-पाच पानं लागत असतील तर प्रिंटर घेऊच नका, बाहेर छापून आणा. अधूनमधून, पण एकदम वीस-तीस पानं आणि तीही नुसता मजकूर असेल तर लेझर घ्या, कारण टोनर कोरडी पूड असते, सुकण्याचा प्रश्न नाही. दर आठवड्याला रंगीत काम असेल तरच इंक टँकचे जादा पैसे निघतात. स्वस्त कार्ट्रिजवाला इंकजेट आपण फक्त किमतीकडे बघून घेतो, आणि तिघांपैकी बहुतेक घरांना तोच सर्वांत महाग पडतो.

बूट: चिकटवलेले की शिवलेले

दोन्ही जोड हातात घेऊन वरचं चामडं आणि तळ जिथे मिळतात ती कड पाहा. शिवलेल्या चांगल्या बुटाला तिथे चामड्याची अरुंद पट्टी भोवती फिरवलेली असते आणि दोरा त्या पट्टीतून तळात उतरतो. नख टाक्याखाली घालून बघा. खरा दोरा असेल तर नखाला त्याचा पीळ लागतो. टाके रबराचाच उंचवटा असतील तर ती शोभेची शिलाई, आत सगळं सोल्युशनने चिकटवलेलं. बूट उलटा करून तळालाही दोऱ्याची रांग किंवा तिच्यासाठी कापलेली खाच दिसते का ते पाहा.

याने काय फरक पडतो? चालताना बूट चवड्यापाशी हजारो वेळा वाकतो. पाणी आणि उष्णता यांनी सोल्युशनची पकड सैल होते आणि तळ आधी तिथूनच सुटतो. पट्टीवर शिवलेल्या बुटाचा झिजलेला तळ उसवून नवा शिवता येतो, वरच्या चामड्याला नवी भोकं पडत नाहीत.

समजा साध्या जोडाची किंमत १ भाग आहे आणि तो १० महिने जातो. शिवलेल्या जोडाची किंमत ३ भाग, एकदा तळ बदलायला पाऊण भाग. पाच वर्षांत साधे सहा जोड लागतील, म्हणजे ६ भाग. शिवलेला एक जोड आणि दोनदा नवा तळ मिळून साडेचार भाग. आता हेच दीड वर्षापुरतं मोजा. साधे दोन जोड म्हणजे २ भाग, शिवलेला ३ भाग. पाय वाढत असलेल्या मुलांना, किंवा नोकरीतला गणवेश लवकरच बदलणार असेल त्यांना साधा जोडच परवडतो. आणि महागाचा हिशोब नवा तळ शिवून देणारा कारागीर जवळपास असला तरच जमतो. तो नसेल तर शिलाईचे पैसे कशाला द्यायचे?

शिवलेल्या जोडाला दोन गोष्टी जपाव्या लागतात. एक दिवस घातला की एक दिवस वाळू द्यायचा, कारण घामाने ओलं चामडं रोज वाकलं की भेगाळतं. टाचेचा खालचा रबरी थर झिजून वरच्या थराला लागायच्या आत बदलायचा. तो थर स्वस्तात बदलतो. टाचच झिजली की काम वाढतं.

सवलतीत दोन जोड घेऊन एक राखून ठेवायचा विचार असेल तर तळ कशाचा आहे ते आधी विचारा. पॉलियुरेथेन (तळासाठी वापरलं जाणारं फोमसारखं प्लॅस्टिक) हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटन पावतं. खोक्यात काही वर्षं पडून राहिलेला कोरा जोड पहिल्याच दिवशी तुकडे होऊन गळू शकतो. वापर नाही म्हणून तो टिकेल असं धरू नका.

सेल: एकदाच वापरायचे की चार्ज करायचे

चार्जर आणि चार सेलच्या एकूण किमतीला एका साध्या अल्कलाइन सेलच्या किमतीने भागा. समजा उत्तर २० आलं. ज्या घरात खेळणं आणि टॉर्च मिळून महिन्याला चार सेल संपतात तिथे पाच-सहा महिन्यांत पैसे निघतात. चार्जिंगची वीज विसरलात तरी चालेल. २,००० मिलिअँपिअर-तासाच्या निकेल मेटल हायड्राइड (चार्ज होणाऱ्या) सेलमध्ये सुमारे २.४ वॅट-तास मावतात. वाया जाणारी वीज धरूनही एका युनिटमध्ये दीड-दोनशे सेल भरतात.

भिंतीवरच्या घड्याळाला मात्र वर्ष-दीड वर्षाला एक सेल पुरतो. तिथे चार्जचा सेल घालणं म्हणजे पैसे अडकवणं. चार सेल एका रांगेत लागणाऱ्या काही जुन्या उपकरणांतही अडचण येते. साधे चार मिळून ६ व्होल्ट देतात, चार्जचे ४.८, आणि उपकरण भरलेल्या सेललाही ‘संपला’ म्हणतं.

पैसे वाचवायला चार्जरमध्ये हात आखडू नका. ठरावीक तासांनी बंद होणारा स्वस्त चार्जर अर्धा भरलेला सेलही पूर्ण वेळ भरत बसतो, सेल तापतो आणि आयुष्य घटतं. प्रत्येक सेल वेगळा तपासून थांबणारा चार्जर घ्या, सेल ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ प्रकारचे (पडून राहिले तरी फारसे न उतरणारे) घ्या, आणि एकत्र वापरलेली जोडी एकत्रच ठेवा.

बाकीचं थोडक्यात

ड्रिल वर्षातून दोनदा लागत असेल तर भाड्याने आणा, पण पेचकसाचे बिट चांगले घ्या. हलका बिट निसटतो आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत करतो, मग एका स्क्रूपायी दार उखडायची पाळी येते. स्क्रूच्या अधिकच्या खुणेच्या चार हातांमध्ये बारीक तिरक्या रेघा असतील तर तो पोझिड्राइव्ह आहे. त्याला साधा फिलिप्स बिट नीट बसत नाही.

महागाने काहीच वाचत नाही अशाही जागा आहेत. एक-दोन मीटरची एचडीएमआय केबल हवा तो वेग झेलणारी असली की पुरे, दसपट किमतीची केबल चित्र उजळ करत नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय त्यापेक्षा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालूनही फायदा नाही, कारण ऑक्टेन म्हणजे इंजिनातला ठोका टाळण्याची क्षमता; त्याने इंधनातली ऊर्जा वाढत नाही. मोठं पाकीट घेताना किलोचा किंवा लिटरचा दर काढा, आणि त्यातलं किती फेकलं जाईल तेही वजा करा. पाव भाग टाकावा लागणार असेल तर २० टक्के सवलतीतही तोटाच आहे.

टिकाऊ वस्तू हप्त्यांवर घेताना व्याज आणि प्रक्रिया शुल्क किमतीत मिळवूनच वरचे हिशोब पुन्हा करा. पंख्यासारख्या वस्तूत वसुलीचा काळ त्याने सहज लांबतो. हातात पैसे कमी असतील तर नव्या स्वस्त वस्तूशेजारी वापरलेली चांगली वस्तू ठेवून बघा. लेझर प्रिंटर अशा खरेदीला सोयीचा असतो. मेनूतून सेटिंगचं किंवा स्थितीचं पान छापून घ्या. त्यावर बहुधा आजवर छापलेल्या पानांचा एकूण आकडा आणि बऱ्याचदा टोनर आणि ड्रम (कागदावर मजकूर उमटवणारा दंडगोल) यांचं उरलेलं आयुष्य येतं. ड्रम संपत आला असेल तर नव्या ड्रमची किंमत विचारून ती सांगितलेल्या किमतीत मिळवा. मग एक कोरं पान आणि एक काळ्या मजकुराचं पान काढा. ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा उमटत असेल तर ड्रम किंवा एखादा रोलर खराब आहे.