नवा वस्तरा कोणाकडून घ्यावा? खानदेशातल्या गिऱ्हाईकासाठी चार प्रकारच्या विक्रेत्यांची तुलना

वस्तरा घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी कंपनी शोधायला लागतात. माझा सल्ला असा की आधी विकणारा ठरवा, कंपनी नंतर. पैसे आपण पोलादाचे मोजतो, पण गालावरून फिरते ती धार. ती कोणी लावली आणि बिघडली तर कोण बघेल, हे पात्यावरच्या नावावरून कळत नाही. जळगावात सोनं घेताना हॉलमार्क असतो, पावती असते, आणि मोड द्यायला गेलं तर तोच सराफ तराजू काढतो. वस्तऱ्याला असा शिक्का नाही. तिथे सगळी भिस्त विकणाऱ्याच्या शब्दावर आहे.

आपल्याकडून वाटा चार. पहिली, गावातलं सलूनचं सामान विकणारं दुकान. दुसरी, कोणीही नोंदणी करून माल विकू शकतो अशी मोठी ऑनलाइन बाजारपेठ. तिसरी, फक्त दाढीचं सामान विकणारं भारतातलं छोटं ऑनलाइन दुकान. चौथी, परदेशातला विक्रेता. आठवडे बाजारातला किंवा यात्रेतला कात्री-चाकूवाला मी यात धरलेला नाही. वस्तरा वाईटच असेल असं नाही, पण पुढच्या महिन्यात त्याला शोधायचं कुठे?

गावातल्या दुकानाबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. जळगावच्या फुले मार्केटकडे किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला चौकशी करून दुकान गाठलं आणि वस्तरा मागितला, तर बहुतेक वेळा समोर येतो तो अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा. सलूनमध्ये आता हाच चालतो. प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं ब्लेड लावता येतं, आणि एचआयव्ही, कावीळ यांचा विचार करता तेच योग्य आहे. तुम्हाला हाच हवा असेल तर पुढची तुलना वाचायची गरज नाही. गावातूनच घ्या. शे-दोनशे रुपयांत काम होतं, हातात घेऊन बघता येतं, ब्लेड नीट पकडत नसेल तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळतो. खाली लिहिलंय ते अखंड पात्याच्या, पथरीवर धार लावायच्या वस्तऱ्याबद्दल.

धार कोणी लावली?

विक्रेता पारखायचा तो याच प्रश्नावर. कारखान्यातून निघालेल्या नव्या वस्तऱ्याला धार असते, पण ती बऱ्याचदा थेट गालावर चालेल इतकी तयार नसते. नावाजलेल्या जर्मन कंपन्यांचे वस्तरेही याला अपवाद नाहीत. आधी साधारण १००० ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितकी पथरी बारीक) पथरीवर धारेच्या दोन्ही बाजूंचा उतार जुळवतात, मग चढत्या क्रमाने ८००० किंवा १२००० पर्यंत नेऊन गुळगुळीत करतात, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात. हे हातात बसायला वेळ लागतो. नवख्या माणसाला ते जमत नाही. मग दाढी ओरबाडली जाते, आणि वस्तरा कायमचा कपाटात जातो.

आता चौघांना शेजारी ठेवून बघा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतल्या जाहिरातीत ‘दाढीसाठी तयार’ असं लिहिलेलं असतं, पण विचारायचं कोणाला? माल गोदामातून बंद खोक्यात निघतो, विक्रेत्याने तो उघडून पाहिलेलाही नसतो. गावातला दुकानदार निदान खरं सांगतो. ‘भाऊ, मस्त धार शे’ असं म्हणेल, पण खोदून विचारलं तर कंपनीतून आला तसाच आहे हेही कबूल करेल. परदेशातल्या चांगल्या विक्रेत्यांमध्ये पाठवण्यापूर्वी प्रत्येक वस्तऱ्याला स्वतः धार लावणारे आहेत, काही जण त्याचे वेगळे पैसे घेतात. आणि भारतातली दाढीच्या सामानाची जी छोटी दुकानं असतात, ती बहुधा मालक स्वतःच चालवतो आणि त्यालाच या गोष्टीचं वेड असतं. त्याला फोन लावून विचारा: धार तुम्ही लावता का? शेवट कुठल्या पथरीवर करता? सहा महिन्यांनी बोथट झाला तर परत लावून द्याल का, आणि किती घ्याल? जो या तिन्ही प्रश्नांना न अडखळता उत्तर देतो, त्याच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी मला ते रास्त वाटतात. जो लगेच ‘सोबत पट्टा फुकट’ वर येतो, त्याला सोडा.

यात एक पेच आहे. विक्रेत्याने धार लावली म्हणजे वस्तरा सीलबंद राहत नाही, पात्याच्या पाठीवर घासल्याची बारीक रेघ दिसू शकते. ती पाहून वापरलेला माल दिला असं समजू नका. रेघ दोन्ही बाजूंना सारखी आणि अरुंद असेल तर काम नीट झालंय. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला नाहीच, असं असेल तर मात्र फोटो काढून लगेच विचारा.

माल खरा आहे का?

‘सोलिंगन’ हे चाकू-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर, आणि त्याचं नाव जर्मनीत कायद्याने राखलेलं आहे. १९३८ मध्ये त्यासाठी कायदा झाला, १९९४ मध्ये नवा नियम आला. पात्याचं मुख्य काम सोलिंगन परिसरातच झालं असेल तरच ते नाव घालता येतं. १९०६ मध्ये सुरू झालेली डोवो ही वस्तऱ्यांची कंपनी तिथलीच. फ्रान्समधल्या तिएर गावातही वस्तऱ्यांची जुनी परंपरा आहे. पण ‘जर्मन स्टील’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला तसा काही अर्थ नाही, ते कुठेही घडवलेलं असू शकतं. तीच गोष्ट पात्यावरच्या दमास्कससारख्या, म्हणजे लाटालाटांच्या, नक्षीची. नक्षी दिसते सुंदर, पण पोलादाला योग्य पाणी दिलंय की नाही हे ती सांगत नाही. सगळ्यात जास्त फसगत या दोन गोष्टींवर होते, आणि तीही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत, कारण तिथे एकाच फोटोखाली दहा जण विकत असतात.

‘गोल्ड डॉलर’ नावाचा चिनी वस्तरा स्वस्त आहे आणि तो स्वतःला चिनीच म्हणवतो, हे मला आवडतं. पोलाद बरं असतं, घासकाम ओबडधोबड. हजाराच्या आसपासचा हा वस्तरा एखाद्या जाणकाराने पथरीवर सरळ करून दिला, तर शिकायला चांगला. सीलबंद घेतला तर नवख्याला डोकेदुखी.

बिल, परतावा, तक्रार

कायद्याने चित्र असं आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने मालाचा मूळ देश दाखवायचा असतो आणि बाजारपेठेने विक्रेत्याचं नाव-पत्ता. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तर परत घ्यायला नकार देता येत नाही. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता बेंगळुरूचा असला तरी नंदुरबारच्या माणसाला नंदुरबारलाच अर्ज देता येतो. परदेशातल्या विक्रेत्याच्या बाबतीत हे सगळं कागदावरच राहतं. तिथे त्याची नियत हाच आधार.

परतावा सोपा म्हणून मोठी बाजारपेठ वरचढ वाटते, आणि खोकं न उघडता परत द्यायचं असेल तर आहेच. पण वस्तरा पट्ट्यावर फिरवला किंवा एक दाढी केली की ‘वापरला’ असं धरून नकार मिळू शकतो. दाढी केल्याशिवाय धार कशी कळणार, याचं उत्तर तिथे कोणाकडे नसतं. छोट्या विक्रेत्याकडे निदान ‘पाठवा, पुन्हा लावून देतो’ हा मधला मार्ग असतो.

जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागायला लाजू नका. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. पुण्यातलं दुकान म्हणून सांगणाऱ्याच्या बिलावर वेगळ्याच राज्याचा आकडा असेल तर त्याला कारण विचारा.

पैशांचं

जर्मन वस्तरा भारतात दहा हजारांच्या पुढे जातो. परदेशी संकेतस्थळावर तोच स्वस्त दिसला तर टपालखर्च, सीमाशुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून बेरीज करा. फरक बहुतेक उरत नाही, आणि पार्सल सीमाशुल्कात अडकलं तर कागदपत्रं तुम्हीच पुरवायची. भारतात न मिळणारा एखादा खास वस्तराच हवा असेल, तरच मी ही वाट सांगेन.

आपली हवा

हे दूरच्या विक्रेत्याला आपणहून सांगावं लागतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात लाकडी किंवा शिंगाची मूठ सुकून आकसते, तडकते, पिना सैल होतात. पावसाळ्यात कार्बन पोलादाला न्हाणीघरात ठेवल्यावर डाग पडायला वेळ लागत नाही. म्हणून पहिल्या वस्तऱ्याला प्लास्टिकची मूठ बरी, आणि पाऊसभर पुसून तेलाचा हात द्यायची तयारी नसेल तर स्टेनलेस बघा. हे ऐकून जो महागड्या शिंगाच्या मुठीवरून तुम्हाला साध्यावर आणतो, तो विक्रेता धरून ठेवा.

माझा कौल दाढीच्या सामानाच्या भारतीय छोट्या दुकानाला, पण फोनवर वरचे तीन प्रश्न विचारूनच. तुमच्या गावात जुन्या पिढीतले एखादे आबा अजून पथरीवर धार लावत असतील, तर गणित बदलतं. मग स्वस्तातला घेऊन त्यांच्याकडून सरळ करून घ्या, आणि त्यांच्या मेहनतीचे पैसे घासाघीस न करता द्या.

पार्सल आलं की खोकं फोडताना मोबाइलवर चित्रण करा. पट्ट्याला लावण्याआधीच वस्तरा आरशाच्या काचेवर आडवा ठेवा. पाठ आणि धार दोन्ही टोकापर्यंत टेकली पाहिजेत, खालून उजेड दिसला किंवा पातं डुगडुगलं तर ते वाकडं आहे. मिटवल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतंय का बघा. भिंगातून धारेवर दाते दिसतात का तेही बघा. काही खटकलं तर त्याच दिवशी लेखी कळवा, वस्तरा कोरडा पुसून परत खोक्यात ठेवा आणि उत्तर येईपर्यंत गालाला लावू नका.