चंद्रकोर आणि 220 पौंड

लंडनला एका रविवारच्या नाणेबाजारात रोमन सम्राट ऑगस्टसचा डेनेरियस, म्हणजे चांदीचं नाणं, दिसला. मागच्या बाजूला त्याचे दोन नातू, गायस आणि लुसियस, मध्ये ढाली नि भाले. लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या ल्योंच्या टांकसाळीतलं हे नाणं रोमन व्यापाराबरोबर भारतातही आलं, दक्षिणेत तर बरंच सापडतं. त्यामुळेच जीव अडकला. किंमत 260 पौंड.

नाण्यावर खोडी बऱ्याच होत्या. मी एकेकीवर बोट ठेवत गेलो आणि विक्रेता, साठीचा गोडबोल्या गृहस्थ, एकेकीचं कारण देत गेला. बारीक खड्डे? दोन हजार वर्षं मातीत राहिल्यावर चांदी खाल्ली जाणारच. अक्षरांजवळच्या पुटकुळ्या? डाय, म्हणजे नाण्यावर छाप उठवायचा साचा-ठसा, गंजली की तिच्या खड्ड्यांत चांदी शिरते, म्हणून. काठाची चीर? हातोड्याचा घाव बसला की चकती तडकते. आणि गालावरची चंद्रकोरीसारखी खूण? ती सराफाची, आत तांबं तर नाही ना, हे बघायला मारलेली. वर म्हणाला, तुमच्या तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला 1898 मध्ये सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांवर तर सम्राटाच्या तोंडावरच छिन्नीचे घाव आहेत.

तिथे मी विरघळलो. आजोबांच्या डब्यातल्या जुन्या रुपयांवर सराफांचे ठसे लहानपणी पाहिलेले. 220 ला सौदा पटला.

त्याने सांगितलेलं सगळं खरं आहे, मी नंतर पडताळलं. अशा खोडी खऱ्या नाण्यांवर असतात. फक्त या नाण्याशी त्यांचा संबंध नव्हता.

घरी दहापटीच्या भिंगाखाली धरलं. मातीने खाल्लेल्या चांदीचा खड्डा वेडावाकडा असतो, कडा कुरतडल्यासारख्या. माझ्या नाण्यावरचे खड्डे गोल, गुळगुळीत, धिरड्याला जाळी पडते तसे. धातू ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे ते. तरी मन मानेना. मग चंद्रकोरीच्या आत पाहिलं. ठसा वरून मारलेला असेल तर त्याचा तळ दबून साफ होतो, कड धारदार उठते. माझ्या चंद्रकोरीच्या तळालाही तेच गोल खड्डे होते आणि कड वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी बोथट. म्हणजे सराफाने ठसा मारला होता तो दुसऱ्याच कुठल्यातरी खऱ्या नाण्यावर. त्या नाण्याचा साचा काढताना सराफही साच्यात उतरला. चीरसुद्धा आरपार नव्हती, नुसती घळ. वजन भरलं 3.1 ग्रॅम. असं नाणं पावणेचार ग्रॅमच्या आसपास असायला हवं. टेबलावर विचारलं असतं तर ‘झीज’ असं उत्तर तयार असणारच.

पंधरा दिवसांनी इंटरनेटवर दुसऱ्याच विक्रेत्याकडे त्याचं जुळं भावंड दिसलं. एकाच डायची दोन नाणी चित्राने जुळतात, त्यात काही वावगं नाही. पण हाताने ठोकलेली चकती दर वेळी निराळी पसरते, छाप इकडेतिकडे सरकते. इथे तीच चीर, गालावर त्याच जागी तीच चंद्रकोर, तिच्या टोकाला तोच एक मोठा खड्डा. फोटो शेजारी शेजारी ठेवून मी बायकोला विचारलं, यातलं आपलं कुठलं? तिला सांगता येईना. मलाही आलं नसतं.

पुढच्या बाजाराला गेलो. तेच टेबल, तोच गृहस्थ, चेहऱ्यावर तेच हसू. मी पावती पुढे केली. त्याने ती मलाच वाचून दाखवली: ‘रोमन धाटणीचं चांदीचं नाणं, एक.’ ऑगस्टसचं नाव नाही, काळ नाही, अस्सल हा शब्द तर नाहीच. घेतली तेव्हा मी ती न वाचताच खिशात घातली होती.

आता पैसे काढण्याआधी मी पावतीवर सम्राटाचं नाव, टांकसाळ, वजन आणि ‘खोटं निघाल्यास पैसे परत’ एवढं लिहून मागतो. गेल्या महिन्यात एकाने हे ऐकलं आणि नाणं उचलून पुन्हा पेटीत ठेवलं.